बेंचवरच्या मुलाने पोर्टलमध्ये नाव टाकावं का? आधी दोनशे मिनिटांचा हिशेब मांडा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा न्यू जर्सीत वाढलेला, सहा फूट तीन इंच, बास्केटबॉलमध्ये गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब राहून बॉल खेळवणारा. डिव्हिजन १ मधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवरच्या, एका मध्यम कॉलेजात दुसरं वर्ष, पूर्ण स्कॉलरशिप, मेकॅनिकल इंजिनिअरिंग. या सीझनला ३१ पैकी १४ सामन्यांत उतरला. उतरला तेव्हा चार-पाच मिनिटं, तीही बहुतेक सामन्याचा निकाल लागून गेल्यावरची. कोच म्हणतात, "पुढच्या वर्षी तुझी वेळ आहे." रूममेट ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकणार, म्हणून आता यालाही टाकायचंय. तुम्ही विचारताय, टाकू द्यावं का, त्याला कोणी घेईल का, आणि मी कोचशी बोलू का.

मी पुण्यात सिमेंटच्या कोर्टवर खेळून मोठा झालो. आमच्या कॉलेजात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी बाराची यादी भरायची म्हणजे हॉस्टेलमधून उंच मुलं पकडून आणावी लागायची. त्यातल्या एकाला डबल ड्रिबल म्हणजे काय हे बसमध्ये समजावलं होतं. गेली बारा वर्षं मात्र मी इथे अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलमध्ये आहे. आधी ग्रॅज्युएट असिस्टंट, मग व्हिडिओचं काम, आता असिस्टंट कोच. तीन कॉलेजं झाली. त्यांची नावं देत नाही, कारण खाली त्यांच्या स्वयंपाकघरातल्या गोष्टी येणार आहेत.

"कोणी घेईल का" याचं उत्तर सोपं आहे. घेईल. नुसत्या डिव्हिजन १ मध्ये ३६० हून जास्त संघ आहेत. त्याखालची डिव्हिजन २, डिव्हिजन ३, एनएआयए ही लहान कॉलेजांची वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं धरली तर आकडा हजाराच्या बराच वर जातो. सहा-तीनचा, डिव्हिजन १ च्या सरावात दोन वर्षं टिकलेला गार्ड कुठेतरी नक्की लागतो. अडचण वेगळी आहे. तो आज बसलाय ते कशामुळे, आणि ते कारण कॉलेज बदललं की मागे राहील की त्याच्याच बॅगेत बसून नव्या गावाला जाईल, हे आधी शोधायला हवं.

मी त्याचा खेळ पाहिलेला नाही. शरीर अजून भरतंय का, इंजिनिअरिंग त्याला खरंच करायचंय की ते तुमच्या घरातलं ठरलेलं आहे, घरचा पैसा किती, व्हिसा कुठला, यातलं काहीच मला माहीत नाही. त्यामुळे टाका किंवा टाकू नका असं मी सांगणार नाही. आम्ही टेबलाच्या पलीकडे बसून कसा विचार करतो तेवढं सांगतो. तो विचार तुमच्या मुलाला आधी कळला तर निर्णय त्याचा त्यालाच घेता येईल.

हिशेबापासून सुरू करू. सामना चाळीस मिनिटांचा, कोर्टवर पाच जण. म्हणजे एका रात्री वाटायला कोचकडे २०० मिनिटं असतात. रोस्टर, म्हणजे संघाची यादी, पंधराची असली तरी ही मिनिटं आठ-नऊ जणांतच जातात. आता नुसते गार्ड घ्या. आजकाल बहुतेक संघ तीन गार्ड घेऊन खेळतात, म्हणजे गार्डांची १२० मिनिटं. पहिले तिघे ३३-३४ मिनिटं खेळले की शंभर संपली. उरली वीस. चौथा गार्ड त्यातली पंधरा घेतो. पाचव्याला पाच मिळतात, तीही प्रतिस्पर्धी वीस गुणांनी मागे असेल किंवा कोणी तीन फाउल करून बसला असेल तेव्हा. तुमचा मुलगा आज हा पाचवा आहे. कोणाचा त्याच्यावर राग असेलच असं नाही, रांगेतली त्याची जागाच ती आहे.

आता समजा पहिल्या तिघांपैकी एक जण यंदा शेवटच्या वर्षाला आहे. घरी बसून आपण म्हणतो, तो गेला, ३४ मिनिटं मोकळी झाली, आता याचा नंबर. तसं होत नाही. रांग एकाने पुढे सरकते आणि पाचवा चौथा होतो. त्याला पंधरा मिनिटं मिळू शकतात. पण कोचने एप्रिलमध्ये पोर्टलमधून एक तयार गार्ड आणला तर रांग जिथे होती तिथेच राहते आणि तुमचा मुलगा पुन्हा पाचवा. "तुझी वेळ आहे" या वाक्याची सगळी किंमत या एका गोष्टीवर ठरते: कोच बाहेरून गार्ड आणणार आहेत का, आणि किती.

ते कसं ठरतं हे आमच्या ऑफिसात येऊन पाहिलं तर लगेच कळेल. भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर लोहचुंबकाच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर नाव, उंची, कितवं वर्ष. उभे रकाने पोझिशनचे, आडवे वर्षांचे. फेब्रुवारीच्या शेवटी एका कोपऱ्यात दुसऱ्या रंगाच्या पट्ट्या जमायला लागतात. इतर संघांतले जे कदाचित बाहेर पडतील अशी ती नावं. त्यांच्याशी बोलायला बंदी असते, पण बोर्डावर लिहायला नसते. मार्चमध्ये आमचा सगळ्यात चांगला स्कोअरर मोठ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे बलाढ्य कॉलेजांच्या गटात, जाणार अशी कुणकुण लागते आणि त्याची पट्टी हेड कोच स्वतः उचलून बोर्डाच्या कडेला तिरकी लावतात. ती तिरकी पट्टी सरळ होत नाही किंवा निघत नाही तोवर खालचं कोणाचंच नक्की नसतं. म्हणून मार्चमध्ये तुमच्या मुलाला त्याचे कोच जे सांगतात ते खोटं असेलच असं नाही. बऱ्याचदा त्यांना स्वतःलाच माहीत नसतं.

बोर्डावर जागा भरण्याचाही एक क्रम असतो. आधी बॉल हातात ठेवणारा मुख्य गार्ड आणि रिंगजवळचा मोठा माणूस, मग शूटर, मग वेगवेगळ्या पोझिशनवरच्यांना अडवू शकणारा लांब हातांचा विंग. आठ जण झाले की नववा ते पंधरावा ही वेगळी खरेदी. तिथे आम्ही निकष बदलतो. सरावात जीव ओतेल का, वर्गात नापास होऊन डोकेदुखी करणार नाही ना, तीन सामने न खेळता बसला तर ड्रेसिंग रूममध्ये कुजबुज सुरू करणार नाही ना. तुमचा मुलगा पोर्टलमध्ये गेला तर पहिल्या आठात बसवून बघणारे कोच किती आणि नववा-दहावा म्हणून बघणारे किती, हे त्याला ओळखता आलं पाहिजे. फोनवर दोघांचा आवाज सारखाच गोड असतो.

गेल्या काही वर्षांत नियमांनी हा बोर्ड पार उलटापालटा केलाय. पोर्टल सुरू झालं ऑक्टोबर २०१८ मध्ये. तोवर संघ बदलला की बास्केटबॉलमध्ये साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ पासून पहिल्या बदलीला ती अट गेली. डिसेंबर २०२३ मध्ये हे प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळ चालवणाऱ्या संघटनेने, नियमच बदलला. आता अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा बदला आणि लगेच खेळा. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे मिळवता येऊ लागले, ज्याला सगळे एनआयएल म्हणतात. जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर लावलेल्या हाऊस खटल्यातल्या तडजोडीला कोर्टाची मंजुरी मिळाली. त्यानंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी त्याची मर्यादा कॉलेजमागे सगळ्या खेळांत मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. याच तडजोडीत पुरुषांच्या बास्केटबॉलमधली १३ स्कॉलरशिपची मर्यादा जाऊन, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना १५ खेळाडूंच्या रोस्टरची मर्यादा आली.

बेंचवरच्या मुलासाठी याचा अर्थ काय? कोचला आता १८ वर्षांच्या मुलाला तीन वर्षं घडवत बसायची गरज उरलेली नाही. २२-२३ वर्षांचा, शंभर सामने खेळलेला, दाढी आलेला गडी एप्रिलमध्ये बाजारात मिळतो. तुमच्या मुलाची स्पर्धा बारावीतून येणाऱ्या पोरांशी नाही, या दाढीवाल्यांशी आहे. तो राहिला तरी आणि गेला तरी.

नावाजलेली उदाहरणं सगळे देतात, पण अर्धी देतात. फ्लोरिडाने ७ एप्रिल २०२५ ला ह्यूस्टनला ६५–६३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. त्यांचे मुख्य तीन गार्ड, वॉल्टर क्लेटन, अलायजा मार्टिन आणि विल रिचर्ड, तिघेही बाहेरून आलेले. आयोना, फ्लोरिडा अटलांटिक आणि बेलमाँट या लहान ठिकाणांहून. पालक हे वाचतात आणि म्हणतात, बघा, पोर्टलने नशीब उघडलं. पण हे तिघे आधीच्या संघात बसलेले नव्हते. तिथे भरपूर खेळून, आकडे आणि फिल्म, म्हणजे सामन्यांचे व्हिडिओ, हातात घेऊन ते वर गेले. बेंचवरून थेट वर जाणारा मी बारा वर्षांत एक पाहिला, आणि तो सात फूट होता. बेंचवरचा गार्ड सरळ खाली जातो किंवा बाजूला सरकतो. खाली जाण्यात कमीपणा काही नाही. तिथे तीस मिनिटं खेळून पुढच्या वर्षी वर येता येतं. डाल्टन नेक्टने ज्युनिअर कॉलेजपासून सुरुवात केली, मग नॉर्दर्न कोलोराडो, मग टेनेसी, आणि २०२४ मध्ये तो एनबीए ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्याच फेरीत गेला.

बाजूला सरकण्याचं चांगलं उदाहरण ओमार बालोचं. गॉन्झागात तो जेमतेम काही मिनिटं खेळायचा. २०२१ मध्ये तिथले असिस्टंट टॉमी लॉइड ॲरिझोनाचे हेड कोच झाले आणि बालो त्यांच्यामागे गेला. पण तिथेही पहिलं वर्ष तो क्रिस्टियन कोलोकोच्या मागे बसला. कोलोको २०२२ मध्ये एनबीएत गेला तेव्हा बालो सुरुवातीच्या पाचात आला. म्हणजे त्याला ओळखणारा, दोन वर्षं सरावात पाहिलेला माणूस हेड कोच असूनही एक वर्ष थांबावं लागलंच.

न जाता थांबलेल्यांचीही नावं घ्या. डोनोव्हन क्लिंगन २०२३ मध्ये कनेक्टिकटला आदामा सानोगोच्या मागे राखीव होता, सामन्याला तेरा-चौदा मिनिटं. सानोगो गेला, हा सुरुवातीला आला, संघाने पुन्हा विजेतेपद घेतलं आणि क्लिंगन ड्राफ्टमध्ये सातवा गेला. झॅक ईडीही पर्ड्यूत पहिल्या वर्षी ट्रेव्हियन विल्यम्सच्या मागे होता, पुढे लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम खेळाडू झाला. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. हे दोघे सात फुटांच्या वरचे आणि तेरा-पंधरा मिनिटं खेळणारे राखीव होते. पाच मिनिटांच्या पाचव्या गार्डने त्यांच्याकडे बघून धीर धरू नये आणि क्लेटनकडे बघून उडीही मारू नये.

मग तुमच्या मुलाने ठरवायचं कशावरून?

सीझन संपला की प्रत्येक खेळाडूची हेड कोचबरोबर एक बैठक होते, तिला एक्झिट मीटिंग म्हणतात. दहा ते वीस मिनिटं. बहुतेक मुलं तिथे मान खाली घालून "येस कोच" करून बाहेर येतात. तुमच्या मुलाने तीन प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. पुढच्या वर्षी गार्डांमध्ये कोण कोण परत येतंय? बाहेरून किती गार्ड आणायचा विचार आहे? आणि मला पहिल्या आठात यायचं असेल तर आज माझ्यात नेमकं काय कमी आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कान देऊन ऐकायचं. "मेहनत करत राहा, आम्हाला तू आवडतोस" असं आलं तर त्यांच्या डोक्यात याच्यासाठी जागा नाही. सभ्य माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, मीही म्हटलेलं नाही. पण कोच म्हणाले, "तुझ्यावर पूर्ण कोर्ट प्रेस आला की तू डाव्या हाताने बॉल नेताना पाठ फिरवतोस, मग पुढचा मोकळा माणूस तुला दिसत नाही," तर ते त्याच्याकडे बघतायत. इतकं बारीक उत्तर ज्याला सोडायचं आहे त्याच्यासाठी कोणी तयार ठेवत नाही. आणि तेच उत्तर तुम्हाला हेही सांगतं की कारण बॅगेत जाणारं आहे. प्रेसखाली, म्हणजे पूर्ण कोर्टभर अडवलं जात असताना, पाठ फिरवणारा गार्ड नव्या कॉलेजातही पाठच फिरवणार. ते दुरुस्त करायला जूनपासून ऑगस्टपर्यंतचे तीन महिने लागतात. त्या तीन महिन्यांत नव्या गावी फ्लॅट शोधत बसायचं की जुन्या जिममध्ये, जिथल्या असिस्टंटला दोष माहीत आहे तिथे घाम गाळायचा, हा खरा सौदा आहे.

उलट कधी कारण खरंच जागेचं असतं. समजा तो चांगला शूटर आहे, जागेवर उभा राहून आलेला बॉल तीन गुणांच्या रेषेबाहेरून टाकतो, पण त्याच्या संघात पहिले तिन्ही गार्ड बॉल हातात ठेवून एकेकटे आत घुसणारे आहेत आणि कोचला बेंचवरूनही तसाच माणूस हवाय. तर तो चुकीच्या दुकानात बसलाय. अशा मुलाने जायला हरकत नाही. मी असा एक पाहिलाय. आमच्याकडे दोन वर्षं बसून तो डिव्हिजन २ ला गेला. तिथल्या कोचचा सगळा खेळ बाहेरच्या नेमबाजीवर होता. पहिल्याच वर्षी तीस मिनिटं खेळला. त्याची आई अजून दिवाळीला मला मेसेज करते, गुजराती आहेत.

आता माझ्या हातून झालेली चूक. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात आमचा चौथा गार्ड, पंधरा मिनिटं खेळणारा, सीझन संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोर्टलमध्ये गेला. त्याच्या समर टीमच्या कोचने सांगितलं होतं की फोन वाजत राहील. जायच्या आधी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला, मी सामन्याची फिल्म कापत होतो. त्याने विचारलं, "काय वाटतं?" मी म्हटलं, "तुझा निर्णय आहे, आम्ही पाठीशी आहोत." मला माहीत होतं की त्याच्या फिल्ममध्ये बॉल हातात असलेले पुरेसे प्रसंगच नाहीत. मी बोललो नाही, कारण त्याची स्कॉलरशिप मोकळी झाली तर आम्हाला एक मोठा फॉरवर्ड घेता येणार होता. पहिल्या आठवड्यात त्याला चार फोन आले. मग बंद. मेच्या मध्यात त्याने मला लिहिलं, परत येऊ का? बोर्डावर त्याच्या जागी पट्टी लागलेली होती. तो शेवटी घरापासून दीड हजार मैलांवरच्या एका लहान कॉलेजात अर्ध्या मदतीवर गेला. तेव्हापासून असं कोणी टेबलापाशी येऊन उभं राहिलं की मी लॅपटॉप बंद करतो.

त्यातून पोर्टल कसं चालतं तेही कळेल. मुलाने कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला, म्हणजे नियम सांभाळणाऱ्या कार्यालयाला, लेखी कळवायचं, त्यांना दोन कामकाजी दिवसांत नाव टाकावं लागतं. त्यानंतरच दुसऱ्या कॉलेजांचे कोच त्याच्याशी बोलू शकतात. नाव मागे घेता येतं, पण मागे घेतलं म्हणून जुनी जागा परत मिळेल असं कोणी बांधील नाही. चालू सत्र संपल्यावर पुढची स्कॉलरशिप थांबवण्याची मोकळीकही कॉलेजला मिळते. आपल्या भाषेत, दुसरी नोकरी हातात नसताना दिलेला राजीनामा. नाव टाकायची खिडकीही आखूड होत चालली आहे. आधी ६० दिवस होती, मग ४५ झाली. २०२५ मध्ये ३० होती, २४ मार्च ते २२ एप्रिल. त्यानंतर आणखी आवळली. यंदाच्या तारखा रूममेटकडून घेऊ नका, कम्प्लायन्स ऑफिसकडून घ्या. खिडकी फक्त नाव टाकण्यापुरती असते. कुठे जायचं ते नंतर ठरवता येतं आणि बेंचवरच्यांचं बहुतेक नंतरच ठरतं. आधी वरचे संघ मधल्यांचे चांगले खेळाडू उचलतात, मग मधले खालच्यांचे, आणि त्या रिकाम्या जागांची लाट तुमच्या मुलापर्यंत यायला एप्रिलचा शेवट उजाडतो. पहिल्या आठवड्यात फोन शांत राहिला म्हणून घाबरून पहिल्या आलेल्याला हो म्हणू नये.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी बास्केटबॉलची नाही, मेकॅनिकल इंजिनिअरिंगची वाटते. डिव्हिजन १ मध्ये तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण झालेला असावा लागतो, चौथ्याच्या सुरुवातीला ६० टक्के. १२८ क्रेडिटची पदवी धरली तर ४० टक्के म्हणजे ५१ च्या वर. तेवढी त्याची आज असतील. पण नवं कॉलेज त्यातली किती स्वतःच्या पदवीत धरतं हे ते कॉलेज ठरवतं. थर्मोडायनॅमिक्स किंवा स्टॅटिक्सचा कोर्स त्यांनी नुसता इलेक्टिव्ह म्हणून धरला की टक्केवारी घसरते आणि मुलगा खेळायला अपात्र. आणि मध्यम व लहान कॉलेजांपैकी कितीतरींकडे इंजिनिअरिंग विभागच नाही. कोच फोनवर म्हणतो, "आमच्याकडे फिजिक्स आहे, जवळपास तेच." ते जवळपास तेच नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून यादी करताना इंजिनिअरिंग आधी आणि संघ नंतर लावा. डिव्हिजन १ मध्ये पॅट्रिअट लीगमधली लीहाय, लाफायेट, बकनेल आहेत, न्यूअर्कला एनजेआयटी आहे. डिव्हिजन २ ला मिशिगन टेक, कोलोराडो स्कूल ऑफ माइन्स, मिसुरी एस अँड टी. डिव्हिजन ३ ला तुमच्या घराजवळच होबोकेनचं स्टीव्हन्स आहे. डिव्हिजन ३ मध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते, डिव्हिजन २ मध्ये बहुतेकदा ती वाटून, अर्धीमुर्धी मिळते. आज पूर्ण स्कॉलरशिप असलेल्या घराला हा फरक वर्षाला किती पडेल ते कागदावर मांडा आणि मुलाला तो आकडा दाखवा. वीस वर्षांच्या मुलापासून हा आकडा लपवायचा नसतो.

एजंटांबद्दल थोडक्यात. पाच मिनिटं खेळणाऱ्या मुलाकडे "मी तुला एनआयएल मिळवून देतो, आधी एवढी फी" म्हणत कोणी आला तर दार लावून घ्या. राखीव गार्डसाठी त्या पातळीवर फारसा पैसा नसतो. आणि मुलगा एच-४ (पालकाच्या नोकरीवरच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थ्याच्या) व्हिसावर असेल तर एनआयएलच्या करारावर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय एक पाऊल टाकू नका. एच-४ वर काम करता येत नाही, आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की एच-४ सुटतोच. एफ-१ असेल तर कॉलेज बदलताना सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली, नोंदही हलवावी लागते, ती तारीख नव्या कोचच्या लक्षात नसते. नागरिक किंवा ग्रीन कार्ड असेल तर हा परिच्छेद विसरा.

शेवटी जायचंच ठरलं तर फिल्मबद्दल एक. बेंचवरच्या मुलाकडे सामन्यांची फिल्म नसते आणि असते ती निकाल लागलेल्या शेवटच्या मिनिटांची, त्यावर आम्ही विश्वास ठेवत नाही. पण आमच्यासारखे असिस्टंट फोन करून त्याच्या जुन्या असिस्टंटला विचारतात, "सरावात कसा असतो?" दुसरा प्रश्न, "खेळत नाही तेव्हा बेंचवर काय करतो?" त्याने दोन वर्षं स्काउट टीममध्ये रोज पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या गार्डची नक्कल करून पहिल्या पाचांना हैराण केलं असेल, तर ते त्या फोनवर सांगितलं जातं. कॉलेजने परवानगी दिली तर सरावातले पंधरा-वीस तुकडे मागून घ्यावेत. त्यात डंक नकोत. बॉलच्या दुसऱ्या बाजूला असताना हेल्पला, म्हणजे साथीदाराच्या मदतीला, वेळेत आला, क्लोजआउटला, म्हणजे शूटरवर धावून जाताना, पाय आपटत थांबला, प्रेस फोडून पास दिला, असे. मी तरी आधी ते बघतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कोचशी मी बोलू का. नको. आमच्या ऑफिसात आईवडिलांचा फोन मिनिटांबद्दल आला की हेड कोच फोन ठेवल्यावर बोर्डाकडे बघतात, आणि ते बघणं मुलाच्या फायद्याचं नसतं. कंपनीत मुलाच्या प्रमोशनसाठी आईने मॅनेजरला फोन करावा तसं ते दिसतं. पैशांचा आणि क्रेडिटचा हिशेब तुमचा, तो घरात बसून नीट करा. एक्झिट मीटिंगला त्याला एकट्याला जाऊ द्या. बाहेर आल्यावर लगेच फोन करू नका, रात्री जेवण झालं की तोच करेल. तिसऱ्या प्रश्नाला कोच शब्दशः काय म्हणाले ते त्याने लिहून आणलं असेल तर नावं गाळून इथे सांगा, मग त्या वाक्यावर बोलता येईल.